लाल रंगासाठी किडे आणले आणि निवडुंगच साफ झाला : विल्यम रॉक्सबर्गची गोष्ट

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जंगलात शिरलात तर कुंभा दिसेल, करमळ दिसेल, बिवळा आणि शिसवही सापडेल. चार झाडं, चार वेगवेगळी शास्त्रीय नावं. पण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या चारही नावांच्या पुढं एकच छोटा शब्द छापलेला असतो, 'रॉक्सब.'. ज्या शास्त्रज्ञानं झाडाचं शास्त्रीय नाव ठेवलं, त्याच्या आडनावाचं हे संक्षिप्त रूप. पूर्ण नाव विल्यम रॉक्सबर्ग.

आता याच झाडांच्या बुंध्याशी बघा. तिथं रानमोडी माजलेली असते आणि वाटेच्या कडेला घाणेरी. दोन्ही परदेशी. कोयत्यानं तोडल्या तरी पाऊस पडला की बुडख्यातून परत फुटतात. उन्हाळ्यात रानमोडी वाळून कोळ झाली की एखादी ठिणगी पुरते, आणि वणवा बघता बघता आंबा-काजूच्या बागेत घुसतो.

अशा परदेशी तणांवर जगभरात एक उपाय वापरला जातो. त्या तणाच्या मूळ देशात त्याला खाणारा किडा शोधायचा, तपासायचा आणि इथं आणून सोडायचा. या उपायाचा जगातला सगळ्यात जुना दाखला भारतातला आहे, १७९५ सालचा. त्याची सुरुवात झाली रॉक्सबर्गच्या ताब्यातल्या बागेतून. आणि त्या वेळी तण मारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

जहाजावरचा डॉक्टर

रॉक्सबर्गचा जन्म १७५१ चा, स्कॉटलंडच्या एअरशायर भागातल्या क्रेगी गावाजवळचा. एडिंबरा विद्यापीठात तो वैद्यकी शिकला. त्या काळात डॉक्टर व्हायचं तर झाडपाला ओळखता यावा लागायचा, कारण बहुतेक औषधं त्यातूनच निघायची. एडिंबरात वनस्पतिशास्त्र शिकवायला जॉन होप होते. त्यांच्या वर्गात रॉक्सबर्गला झाडांचा जो नाद लागला, तो शेवटपर्यंत सुटला नाही.

पुढं ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर त्यानं डॉक्टरचा मदतनीस म्हणून काम केलं आणि १७७६ मध्ये तो मद्रासमध्ये कंपनीच्या वैद्यकीय नोकरीत लागला. पगार डॉक्टरकीचा, पण जीव झाडांत. त्याला आणखी एक सवय होती. दिवसातून तीन वेळा तो तापमान आणि हवेचा दाब मोजून लिहून ठेवायचा. दोनशे वर्षांपूर्वीचा मान्सून कसा होता, हे शोधणारे आजचे अभ्यासक त्याच्या या नोंदी वापरतात.

सामलकोटची बाग

१७८१ च्या सुमारास त्याची नेमणूक आजच्या आंध्र प्रदेशातल्या काकिनाड्याजवळच्या सामलकोटला झाली. तिथं त्यानं प्रयोगाची बाग उभी केली. कॉफी, मिरी, दालचिनी, जायफळ, तुती, विलायती फणस, जे रुजेल ते लावून बघायचं, असा त्याचा खाक्या होता.

हे काही नुसत्या हौसेपोटी चाललं नव्हतं. मसाले, रेशीम, रंग या गोष्टी दुसऱ्या देशांकडून विकत घ्याव्या लागतात, हे कंपनीला खुपत होतं. त्या भारतातच पिकवता आल्या तर नफा कंपनीचा. रॉक्सबर्ग त्या धंद्याचा एक भाग होता.

पण त्याच काळात त्यानं दुष्काळही बघितला. १७८९ नंतरची सलग काही वर्षं गोदावरीच्या त्या पट्ट्यात पावसानं दगा दिला आणि माणसं मेली. पाऊस हुकला तरी पोटाला काहीतरी मिळावं म्हणून नारळ, फणस, खजूर, साबुदाण्याचा माड अशी झाडं रस्त्यांच्या आणि कालव्यांच्या कडेनं लावावीत, असा प्रस्ताव त्यानं सरकारकडं मांडला.

त्याचं स्वतःचं नुकसानही मोठं झालं. १७८७ च्या चक्रीवादळात समुद्राचं पाणी आत घुसलं आणि त्याची पुस्तकं, कागदपत्रं, वाळवून जपलेली झाडं सगळी गेली. त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली. भारतीय चित्रकार हाताशी घेतले आणि त्यांच्याकडून झाडांची चित्रं काढून घेतली. पान, फूल, फळ, बी, सगळं मापात. अशी अडीच हजारांहून जास्त चित्रं तयार झाली. त्यांतल्या तीनशे चित्रांचा कोरोमंडल किनाऱ्यावरच्या वनस्पतींचा ग्रंथ लंडनमध्ये १७९५ पासून छापला जाऊ लागला. ज्यांच्या हातांनी ही चित्रं काढली, त्यातल्या बहुतेकांची नावं मात्र कुठं लिहिलेली नाहीत.

याच दिवसांत त्याचं लक्ष किड्यांकडंही गेलं. लाख बनवणारा किडा त्यानं जवळून अभ्यासला. तो फांदीला कसा चिकटतो, पिल्लं कधी बाहेर पडतात, लाख कशी साठत जाते, हे सगळं टिपलं. हा लेख १७९१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. पुढं टसर आणि एरी रेशमाच्या किड्यांवरही त्यानं लिहिलं. कुठला किडा कुठल्या झाडावर जगतो हा प्रश्न त्याच्यासाठी नवा नव्हता, आणि पुढच्या गोष्टीत सगळं याच प्रश्नावर फिरणार होतं.

कलकत्त्याची बाग आणि मराठी व्याकरण छापणारा मित्र

हुगळी नदीच्या काठी शिबपूरला कर्नल रॉबर्ट किड यानं १७८७ मध्ये कंपनीची बाग सुरू केली होती. आज तीच बाग आचार्य जगदीशचंद्र बोस यांच्या नावानं ओळखली जाते. १७९३ मध्ये किड वारला आणि बागेची सूत्रं रॉक्सबर्गकडं आली. तेव्हा तिथं झाडांचे साधारण तीनशे प्रकार होते. वीस वर्षांनी तो निघाला तेव्हा हा आकडा साडेतीन हजारांवर गेला होता.

ताग, सण, अंबाडी यांच्यातला कुठला धागा किती ओढ सहन करतो, हे तो तपासायचा. तागाचे नमुने त्यानं १७९५ च्या सुमारास इंग्लंडला पाठवले. बंगालातल्या तागाच्या मोठ्या व्यापाराची सुरुवात सांगताना त्याचं नाव येतं ते यामुळं.

इथंच त्याची ओळख झाली विल्यम कॅरीशी. कॅरी कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरचा मिशनरी. फोर्ट विल्यम कॉलेजात तो कंपनीच्या साहेबांना बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवायचा. वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश १८१० मध्ये छापणारा तो हाच. कॅरीलाही झाडांचं वेड होतं. रॉक्सबर्गनं या मित्राचं नाव एका झाडाला दिलं, 'करेया आर्बोरिया'. म्हणजे आपल्या कोकणातला कुंभा. एका मित्राचं नाव झाडाच्या नावात आहे आणि दुसऱ्याचं त्याच्या शेपटीला.

सगळा खटाटोप एका रंगासाठी

आता १७९५ कडं येऊ.

त्या काळी युरोपात गडद लाल कापडाला प्रचंड भाव होता. ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्यांचे कोट लाल, दरबारी पोशाख लाल. आणि सगळ्यात पक्का, झळझळीत लाल रंग निघायचा कोचिनियल नावाच्या किड्यापासून. हा किडा मेक्सिकोतल्या निवडुंगावर राहतो. अंगावर पांढरी भुकटी, आत लालभडक द्रव. मादी एकदा निवडुंगाला चिकटली की हलत नाही, तिथंच रस शोषत बसते. हे किडे खरवडून, वाळवून त्यांचा रंग करायचा. एक पौंड मालाला सुमारे सत्तर हजार किडे लागायचे.

मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि जिवंत किडा बाहेर जाणार नाही याची स्पेननं पुरेपूर काळजी घेतली होती. कंपनीला तोच किडा भारतात हवा होता. मद्रासचा डॉक्टर जेम्स अँडरसन याच मागं लागला होता. १७८६ मध्ये त्याला गवतावर तसलाच एक किडा दिसला आणि आपल्याला कोचिनियल सापडला असं त्याला वाटलं. तो किडा वेगळाच निघाला. तरी अँडरसननं हार मानली नाही. खरा किडा आला तर त्याला खायला असावं म्हणून सैदापेठेत निवडुंगाची अख्खी बाग लावून घेतली. आता फक्त किडा यायचा होता.

कॅप्टन नीलसनची भेट

१७९५ मध्ये कॅप्टन नीलसन नावाचा लष्करी अधिकारी भारतात येताना ब्राझीलच्या रिओ द जानेरो बंदरात थांबला. तिथं निवडुंगावर त्याला कोचिनियल दिसले. झाडासकट काही किडे त्यानं जहाजावर घेतले. महिनोन्महिन्यांच्या समुद्रप्रवासात त्यातले थोडे जगले आणि कलकत्त्याला रॉक्सबर्गच्या बागेत पोचले.

पुढं जे झालं त्यानं सगळे खूश झाले. बंगालमध्ये आधीपासून रुजलेल्या निवडुंगावर हे किडे भराभर वाढले. बागेतून ते लोकांना वाटले गेले, मद्रासला अँडरसनकडंही गेले. रंगाचा धंदा आता उभा राहणार, अशी सगळ्यांची खात्री झाली.

पण दोन गोष्टी हळूहळू लक्षात आल्या.

पहिली, रंग म्हणावा तसा निघेना. हा मेक्सिकोतला पाळीव कोचिनियल नव्हताच. त्याचा दक्षिण अमेरिकेतला रानटी भाऊबंद होता. मेक्सिकोच्या किड्याच्या अंगावर भुकटी असते, याच्या अंगावर कापसासारखी चिकट लव होती. रंग कमी आणि दर्जाही हलका. आज या किड्याचं शास्त्रीय नाव आहे डॅक्टिलोपियस सिलोनिकस.

दुसरी गोष्ट जास्त विचित्र होती. ज्या निवडुंगावर किडे वाढत होते, तो निवडुंगच मरत होता. फडे पिवळे पडायचे, सुकायचे, गळून जायचे. मेक्सिकोतला किडा आणि त्याचा निवडुंग शेकडो वर्षं माणसाच्या देखरेखीखाली एकत्र नांदत आले होते. इथं तसं काही नव्हतं. शिवाय या किड्याला खाणारे त्याचे नेहमीचे शत्रू ब्राझीलमध्येच राहिले होते. त्यामुळं त्याची संख्या आवरायला कुणी नव्हतं. बारीक पिल्लं वाऱ्यानं उडून एका झुडपावरून दुसऱ्यावर जायची.

शेवटी खायला निवडुंगच उरला नाही, तेव्हा रंगाचा धंदाही बसला. उत्तर आणि मध्य भारतात कुंपणाला लावलेला आणि रानोमाळ पसरलेला या जातीचा निवडुंग किड्यांनी साफ केला. तोही मुळात दक्षिण अमेरिकेतलाच, युरोपीय जहाजांतून इथं आलेला. घरच्या शत्रूनं त्याला इथं येऊन गाठलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे किडे त्या निवडुंगापुरतेच थांबले. शेतातल्या पिकांना त्यांनी तोंड लावलं नाही. निवडुंगाच्या दुसऱ्या जातीसुद्धा त्यांच्या तडाख्यातून वाचल्या.

त्याच बागेची दुसरी बाजू

रॉक्सबर्गचं काम होतं जगभरातून झाडं आणणं आणि वाढवणं. आज ज्यांना आपण उपद्रवी तण म्हणतो, त्यातल्या काहींचा माग याच बागेत पोचतो.

घाणेरी १९ व्या शतकाच्या पहिल्या दशकात शोभेचं झाड म्हणून कलकत्त्याच्या बागेत आली असं मानलं जातं. म्हणजे रॉक्सबर्गच्याच काळात. रंगीबेरंगी फुलांमुळं ती लोकांना आवडली, कुंपणाला लावली गेली आणि पक्ष्यांनी तिची बी देशभर नेली. रॉक्सबर्गनं केलेली बागेतल्या झाडांची यादी १८१४ मध्ये कॅरीनं श्रीरामपूरला छापली. त्या यादीत पार्थेनियमचंही नाव आहे. पार्थेनियम म्हणजे गाजर गवत, काँग्रेस गवत. अर्थात १९५० च्या दशकात पुण्यात दिसलेलं आणि मग महाराष्ट्रभर माजलेलं गाजर गवत या बागेतून आलं असं म्हणायला आधार नाही. ते अमेरिकेहून आलेल्या गव्हासोबत आलं असं सांगितलं जातं. रानमोडीही कलकत्त्याच्या बागेत होती, पण ती आली रॉक्सबर्ग गेल्यानंतर, १८४० च्या दशकापर्यंत.

एखादं झाड आपल्या देशातून उचलून दुसरीकडं नेलं की त्याला खाणारे किडे आणि रोग मागंच राहतात आणि ते झाड मोकाट सुटू शकतं, हा हिशेब तेव्हा कुणी मांडलेला नव्हता. एकाच बागेत तणाची रोपं वाढत होती आणि तणाला संपवणारा किडाही. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध जोडायला पुढची कित्येक दशकं जावी लागली.

शेवटचा प्रवास

कलकत्त्याच्या दमट हवेत रॉक्सबर्गची तब्येत सतत बिघडायची. मध्ये तो हवापालटासाठी जाऊन परत आला होता. १८१३ मध्ये मात्र त्याला कायमचं निघावं लागलं. केप ऑफ गुड होप आणि सेंट हेलेना बेटावर थांबत तो मायदेशी गेला. आजारी असतानाही सेंट हेलेनाच्या झाडांची यादी त्यानं करून ठेवली. १८१५ मध्ये एडिंबरात त्याचा मृत्यू झाला. तिथल्या ग्रेफ्रायर्स दफनभूमीत त्याला पुरलं आहे.

भारतीय वनस्पतींवरचा त्याचा मोठा ग्रंथ 'फ्लोरा इंडिका' तेव्हा हस्तलिखितातच होता. कॅरीनं तो हाती घेतला. काही भाग १८२० पासून निघाले आणि पूर्ण ग्रंथ तीन खंडांत १८३२ मध्ये श्रीरामपूरला छापून झाला. तोवर रॉक्सबर्गला जाऊन १७ वर्षं झाली होती. भारतीय वनस्पतिशास्त्राचा जनक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं ते या कामामुळं. किड्यांचा प्रयोग त्याच्या चरित्रात सहसा एक फसलेला उद्योग म्हणून दोन ओळींत उरकला जातो.

फसलेल्या प्रयोगाचं पुढं काय झालं?

लोकांनी मात्र निवडुंग मेलेला बघितला होता. १८३६ ते १८३८ च्या दरम्यान हेच किडे दक्षिण भारतात नेले गेले, आणि या वेळी रंगासाठी नाही, तर मुद्दाम निवडुंग मारण्यासाठी. १८६० च्या दशकात ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेले. किड्याच्या नावातलं 'सिलोनिकस' तिथलंच.

१९१२ मध्ये ऑस्ट्रेलियानं निवडुंगाचे शत्रू शोधायला शास्त्रज्ञ जगभर पाठवले. ते भारतातही येऊन गेले. पुढं हा किडा ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत सोडला गेला. ऑस्ट्रेलियात निवडुंगाच्या दुसऱ्या जातींनी जवळपास सहा कोटी एकर जमीन व्यापली होती. त्यांच्यासाठी १९२५ मध्ये अर्जेंटिनातून एका पतंगाची अंडी आणली आणि त्याच्या अळ्यांनी काही वर्षांत निवडुंगाची रानं पोखरून काढली. भारतातही १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनियलची वेगळी जात आणली गेली, कारण दक्षिणेत माजलेल्या निवडुंगाची जात वेगळी होती आणि जुना किडा तिला खात नव्हता.

आज ही पद्धत योगायोगावर सोडलेली नाही. किडा आणण्याआधी त्याला शेतातली पिकं आणि जवळच्या जातीची झाडं खायला देऊन बघतात. तो उपाशी मेला, पण पिकाला शिवला नाही, तर पुढचं पाऊल. १९४१ मध्ये घाणेरीसाठी ऑस्ट्रेलियातून एक किडा आणला होता. चाचणीत तो सागाची फुलं खातो असं दिसलं, म्हणून तो नष्ट करायचं ठरलं. तरी तो बाहेर निसटलाच. साग वाचला, पण घाणेरीही फारशी हटली नाही.

गाजर गवतासाठी मेक्सिकोतून आणलेला झायगोग्रामा भुंगा १९८४ मध्ये बंगळुरूजवळ सोडण्यात आला. पावसाळ्यात तो आणि त्याच्या अळ्या गाजर गवताची पानं फस्त करतात, कोरड्या दिवसांत भुंगा जमिनीत दडून बसतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला आणि शेतकरी धास्तावले. तपासणीत कळलं की गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले की भुंगा फसून ती कुरतडतो, पण त्याचं पोट आणि वंश दोन्ही गाजर गवतावरच चालतं. रानमोडीच्या खोडावर गाठी करणारी एक छोटी माशी २००२ मध्ये इंडोनेशियातून भारतात आणली गेली. गाठ आली की फांदीची वाढ खुंटते आणि फुलं कमी येतात.

यातला कुठलाही किडा तण मुळासकट संपवत नाही. तण संपलं तर किडाही उपाशी मरेल. तो तणाचा जोर कमी करतो, आणि मग कोयत्यानं उरलेलं आवरणं माणसाला जमतं. किडा कधी काम करेल, कधी करणार नाही, हे हवा, पाऊस आणि तणाची नेमकी जात यावर ठरतं. एकदा सोडला की तो परत गोळा करता येत नाही.

म्हणून आज असा किडा आणायचा तर सरकारी परवानगी, बंद खोलीतली तपासणी आणि काही वर्षांची वाट पाहणं, हे सगळं करावं लागतं. रॉक्सबर्गच्या बागेत जहाजातून उतरलेल्या किड्यांसाठी यातलं काहीच झालं नव्हतं. ते नशिबानं फक्त एकाच जातीचा निवडुंग खाणारे निघाले.